सांगणारा बदलला की

कथेचे घटक कोणते, असे विचारले की मराठी माध्यमातला विद्यार्थी एका दमात सांगतो: कथानक, पात्रे, संवाद, वातावरण, संघर्ष, भाषाशैली. उत्तर बरोबर असते आणि त्याला गुणही मिळतात. मात्र त्याच विद्यार्थ्यापुढे एखादी कथा ठेवून ‘लेखकाने हे असे का केले असेल?’ असे विचारले, तर तो बहुधा गप्प बसतो. दोष त्याचा नाही. आपण त्याला घटकांची नावे शिकवली, पण ते लेखकाने घेतलेले निर्णय असतात हे शिकवले नाही. निर्णयाची किंमत कळायची तर तो बदलून पाहावा लागतो. कथेतली एकच गोष्ट बदलावी, बाकी सगळे तसेच ठेवावे आणि काय हलते ते बघावे. कथा शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. माझ्या मते त्याची सुरुवात कथानकापासून न करता निवेदकापासून, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यापासून करावी.

चिमणी-कावळ्याची गोष्टच घेऊ. ती ठाऊक नसलेले मराठी घर विरळा. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीचे दार ठोठावतो. चिमणी बाळाचे एकेक काम पुढे करत दार उघडायचे लांबवते. यातला पाऊस काढून टाका, गोष्टच उरत नाही. वातावरण म्हणजे मागे टांगलेला पडदा नव्हे, ते घटना घडवते, हे इथे पहिलीतल्या मुलालाही दाखवता येते. चिमणीचे उत्तर दर वेळी जवळपास तेच असते, फक्त काम बदलते. ही पुनरावृत्ती काढून ‘चिमणीने बराच वेळ दार उघडले नाही’ असे एक वाक्य ठेवले, तर माहिती पोचते पण वाट पाहणे नाहीसे होते. ऐकणारे मूल त्या पुनरावृत्तीतच कावळ्याबरोबर ताटकळत असते. आता सांगणारा बदला. तीच घटना दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्याच्या तोंडून ऐका. एकही प्रसंग बदललेला नाही, तरी टापटिपीची चिमणी आता दार न उघडणारी शेजारीण झाली. शहाणपणाचे बक्षीस सांगणारी गोष्ट निवाऱ्याविषयीची झाली. घरोघरी या गोष्टीचा शेवट वेगवेगळा सांगतात, आणि कावळ्याला काय मिळावे याबद्दल सांगणाऱ्याचे मत त्यातून उघड होते.

मोठ्या साहित्यातही हेच दिसते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून आली. आपटे सुधारणावादी पुरुष लेखक होते. बालविवाह आणि विधवेचे केशवपन यांवर त्यांना स्वतःच्या आवाजात बोलता आले असते. त्यांनी निवेदन कादंबरीची नायिका यमू हिच्याकडे दिले. जे सोसले तेच ती सांगते, त्यामुळे वाद घालायला वाचकासमोर कोणी व्याख्याता उरत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) धनगरांची वाडी आपल्याला दिसते ती तिथे नव्याने आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी. वाडीतल्या कारभाऱ्याने ही कथा सांगितली असती, तर त्याला रोजचे म्हणून जे सांगण्याजोगे वाटले नसते, नेमके तेच मास्तराला नवे वाटते. मास्तर वाडी शिकत जातो, त्याच्याबरोबर आपणही.

यावर कोणी म्हणेल की कथानक हाच कथेचा कणा आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या घटकांत कथानकालाच पहिले स्थान दिले. आपल्या नाट्यशास्त्रानेही आरंभापासून फलागमापर्यंत कार्याच्या पाच अवस्था मांडल्या. दोन्ही थोर आहेत, पण दोघांचाही विचार रंगमंचासाठीचा आहे, आणि तिथे मध्ये सांगणारा असलाच पाहिजे असे नाही. कथेत तो असतोच, लपलेला असला तरी. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) बघा. कर्ण कसा मरतो हे पुस्तक उघडण्याआधीच प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असते. कथानकातली उत्सुकता तिथे संपलेली आहे. तरी पिढ्यान्‌पिढ्या ते वाचले जाते, कारण सावंतांनी महाभारत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडी वाटून दिले. महाभारत तेच राहिले, फक्त तोंडे बदलली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला मराठीतच इतिहास आहे: तंत्र शिकवले की साचे तयार होतात. ना. सी. फडक्यांनी 1931 मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचे तंत्र मराठीत पद्धतशीर मांडले. हे मोठे काम होते, आजही त्याचा मान ठेवावा. पण त्यामागून गुंतागुंत, कलाटणी आणि उकल यांच्या ठरीव मापाच्या कथा आल्या, आणि नवकथेला त्या मापाबाहेर पडावे लागले. म्हणून तंत्रच नको का? गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, माडगूळकर या नवकथाकारांनी कथेचे घटक टाकून दिले नव्हते. कथानक बारीक केले आणि मनातल्या हालचालींना जागा दिली, म्हणजे निर्णय बदलले. निर्णय बदलायला आधी तो निर्णय आहे हे कळावे लागते. उत्तर नियम म्हणून हाती दिले की साचा होतो. बदलून पाहण्याच्या रीतीत कुठलेच उत्तर आधी ठरलेले नसते.

चिरफाडीने गोडी जाते, असेही म्हणतात. नावे चिकटवण्याने ती नक्की जाते. पण कावळ्याच्या बाजूने गोष्ट रचणारे मूल चिरफाड करत नसते, ते खेळत असते. आणि न शिकता उत्तम सांगणाऱ्या आज्या? त्या शिकलेल्याच होत्या, ऐकून आणि सांगून. कुठे थांबायचे, काय पुन्हा म्हणायचे हे त्यांनी ऐकणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यांवरून दर रात्री तपासले होते. ती तालीम आता बऱ्याच मुलांना घरी मिळत नाही, म्हणून ती वर्गात आणावी लागेल.

मराठीच्या शिक्षकांना एवढीच विनंती: वर्षातला कथालेखनाचा एक तास मुद्दे न देता घ्या. चिमणी-कावळ्याची गोष्ट कावळ्याच्या तोंडून लिहायला सांगा, मग चिमणीच्या बाळाच्या. त्याला गुण देऊ नका. वर्गात मोठ्याने वाचून घ्या आणि दोन्हींत काय बदलले ते मुलांनाच विचारा. निवेदकाची व्याख्या फळ्यावर लिहायची असेल, तर ती त्यानंतर लिहा.