मोजणीबाहेरची माणसे

शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आम्ही दिंडोरीत वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. एक बातमी म्हणजे एक घर. दारू असेल, भांडण असेल, असे म्हणून सुटता येते.

नोव्हेंबर २००७ मध्ये पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीजचे प्रा. के. नागराज यांचा अभ्यास मांडला. पोलिसांच्या नोंदींवरून सरकारनेच छापलेले आकडे होते: १९९७ ते २००५ या काळात सुमारे दीड लाख शेतकऱ्यांच्या आत्महत्या, त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे. गावोगाव फिरलेल्या पत्रकाराला प्राध्यापकाची मोजणी मिळाली, तेव्हा ‘घरगुती कारण’ ही पळवाट अरुंद झाली.

तरी ती मोजणीही अपुरीच, असे साईनाथांनीच लिहिले. जिच्या नावावर जमीन नाही, ती बाई शेतकरी धरली जात नाही. आमच्याकडे द्राक्षबागेत डिपिंग-थिनिंगला दिवसभर राबणाऱ्या किती बायांची नावे सातबाऱ्यावर असतील? शिक्षक म्हणून आम्हाला हे नवे नाही. हजेरीपटावर ज्या मुलीचे नावच नाही, ती गैरहजरही लागत नाही. मग चौकशीला तिच्या घरी कोण जाणार?