जे अद्याप जन्मले नाहीत, त्यांचा वाटा

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पावसाळा सरल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. माणसांचे व जनावरांचे पाणी प्रथम राखले जाते आणि उरलेल्यावर पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास तेथे बंदी आहे. ज्याची जमीन त्याचेच पाणी, असे मानणाऱ्याला हा निर्बंध जाचक वाटेल. परंतु भूगर्भातील पाणी शेताचा बांध ओळखत नाही आणि पिढीचाही नाही. मग जो अद्याप जन्मलाच नाही, त्याचा आपल्यावर खरोखर हक्क असतो काय? की त्याच्यासाठी राखणे ही केवळ आपली कृपा?

हाच प्रश्न हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत उभा राहिला. इराकमधील सवादची सुपीक जमीन मुस्लिमांच्या ताब्यात आली, तेव्हा ती सैनिकांत वाटावी असा आग्रह काही सहाबांनी धरला. त्यांत हजरत बिलाल (रजि.) होते, म्हणून या मागणीला लोभ म्हणता येणार नाही. हजरत उमर (रजि.) यांचा सवाल एवढाच होता, की सारे आज वाटले तर नंतर येणाऱ्यांना काय उरेल? त्यांनी सूरह अल-हश्रचा आधार घेतला. तेथे मुहाजिर व अन्सार यांच्यापाठोपाठ त्यांच्यानंतर येणाऱ्यांचाही उल्लेख आहे. जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली आणि तिचा खराज बैतुलमालात जमा होऊ लागला. न जन्मलेले आपली बाजू मांडायला त्या सभेत हजर नव्हते. ती कुरआनने मांडली.

इराकच्या मोहिमेचे सेनापती हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना हा धडा पूर्वीच मिळाला होता. आजारपणात त्यांनी बहुतेक संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा आदरणीय प्रेषित (स.) यांनी एक तृतीयांशाची मर्यादा घातली आणि तेवढेही पुष्कळ असल्याचे सांगितले. म्हणजे पुण्यकार्यासाठीसुद्धा मागे राहणाऱ्यांचा वाटा खर्चता येत नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पाला हीच कसोटी लावावी. धरण किंवा रुग्णालय पुढची पिढीही वापरते, म्हणून त्याच्या खर्चाचा काही भार तिने उचलण्यात अन्याय नाही. मात्र आजचा चालू खर्च भागवण्यासाठी काढलेले कर्ज म्हणजे दुसऱ्याच्या नावावर केलेली उधारी होय. शिवाय तिच्यावर व्याजाचा बोजा. महाराष्ट्राने २००५ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा केला. त्याची खरी परीक्षा निवडणुकीच्या वर्षी होते.

आजचा गरीब उपाशी असताना उद्याची चिंता कशाला, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भविष्याच्या नावाने गरिबाच्या ताटातला घास काढणे हाही जुलूमच. म्हणूनच हिवरे बाजार पिण्याचे पाणी आधी राखते आणि काटकसर पिकांपासून सुरू करते. गरज आधी भागवावी. आवर घालायचा तो हव्यासाला.

नमाजे-जनाजापूर्वी आपण जाहीर करतो, की मयताकडे कोणाचे देणे असल्यास सांगावे. वारस ते फेडतात किंवा धनको माफ करतो. परंतु ज्यांच्याकडून आपण न विचारता उसने घेतले, ते आपल्या जनाजाला हजर नसतील. माफी कोणाकडे मागायची? मतदान करताना, ग्रामसभेत हात वर करताना आणि आपल्या विहिरीवरील पंप सुरू करताना हा प्रश्न मनात असू द्यावा. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.