मागाहून येणारे

उशिरा येणाऱ्याला आपल्या व्यवहारात फारसा मान नाही. पंगत उठल्यावर आलेला पाहुणा स्वतः ओशाळतो आणि यजमानालाही ओशाळवितो. परंतु निसर्गाच्या एका कोपऱ्यात अशा मागाहून येणाऱ्यांवरच साऱ्यांची सुरक्षितता अवलंबून आहे, हे कळले की मन थबकते.

युरेनियमच्या अणुकेंद्रकाचे विखंडन झाले की त्यातून न्यूट्रॉन सुटतात आणि पुढची केंद्रके फोडतात. बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी सुटतात. हजारांतले सहा-सात मात्र मागे राहतात. विखंडनातून जन्मलेले ब्रोमीन-८७ हे केंद्रक अस्थिर असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५५ सेकंद. बीटा-ऱ्हासाने त्याचे क्रिप्टॉन होते आणि त्या क्रिप्टॉनमध्ये ऊर्जा पुरेशी शिल्लक असली, तर एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. वॉशिंग्टनमध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे विलंबित न्यूट्रॉन १९३९ साली आढळले.

त्यांची मोजणी म्हणजे चिकाटीची कसोटी. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही; तो सहजी हाती लागत नाही. पॉलिथिनमधून जाताना त्याचा वेग मंदावतो आणि मग हेलियम-३ वायूच्या नळीत त्याची नोंद होते. आधी बीटा-कण टिपायचा, मग न्यूट्रॉनची वाट पाहायची. जपानच्या रिकेन संस्थेत अशा १४० नळ्या एकत्र रचून अत्यल्पायुषी केंद्रकांचे मापन करण्यात आले.

एवढा खटाटोप सहा-सातांसाठी कशाला? २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या देखरेखीखाली पहिली अणुभट्टी चालू झाली, तेव्हा नियंत्रक दांडा माणसाच्या हातानेच थोडाथोडा बाहेर ओढला जात होता. सारे न्यूट्रॉन तत्क्षणी सुटते, तर वाढीचा वेग हाताला आवरलाच नसता. त्या मूठभरांच्या विलंबामुळे हाताला अवधी मिळाला.

याला निसर्गाची दया म्हणावे काय? अणुकेंद्रकाला हेतू नसतो. त्याच्या तोंडी प्रवचन घालणे बरे नव्हे. शिवाय अणुबॉम्बमध्ये या मागाहून येणाऱ्यांना वावच नसतो. ते येण्यापूर्वीच सारे संपलेले असते. चेर्नोबिल येथे १९८६ साली भट्टीच्या रचनेत दोष होता, हे खरे. पण नियंत्रक दांडे जवळजवळ सगळे बाहेर काढले गेले होते आणि काही सुरक्षा-यंत्रणाही बंद केल्या होत्या. निसर्गाने दिलेला अवधी माणसांनीच उधळला.

म्हणून नैतिक प्रश्न न्यूट्रॉनचा नाही, आपला आहे. क्रोधाचा शब्द ओठांवर येतो आणि बाहेर पडतो, त्यांच्यामध्येही एक लहानसा अवधी असतो. तो आपण निर्माण केलेला नसतो. मात्र त्यात आपण काय केले, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. ज्याला अवधीच मिळाला नाही त्याला दोष कोण देईल? आपल्याला तो मिळालेला आहे.