मुलांचें ऋण

मनुष्य जन्मतांच तीन ऋणें घेऊन येतो, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलें आहे: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. धनको नेहमीं वडील, ऋणको नेहमीं धाकटा. वडीलच धाकट्यांचें कांहीं देणें लागतात, ही कल्पना या हिशेबांत कोठें बसत नाहीं. तरीहि २०२० सालच्या महामारीनें नेमकें असेंच एक ऋण आमच्या पिढीच्या माथीं ठेविलें आहे, असें मला वाटतें. आणि तें आपण भलत्याच नाण्यांत फेडूं पाहत आहों.

कोविडपासून लहान मुलांच्या जिवास असलेला धोका वृद्धांच्या मानानें फारच थोडा होता, हें लवकरच ध्यानांत आलें होतें. शाळा इतके दिवस मिटून राहिल्या त्या मुख्यत्वेंकरून घरोघरच्या आजीआजोबांसाठीं, आणि माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या मधुमेही गृहस्थांसाठीं. महाराष्ट्रांत मार्च २०२० मध्यें बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग सर्वसाधारणपणें डिसेंबर २०२१ मध्यें उघडले, आणि पुढच्याच महिन्यांत पुन्हां कांहीं दिवस मिटले. बंदी सर्वांस सारखी होती. तिची किंमत मात्र सर्वांनीं सारखी दिली नाहीं. ज्या घरीं एक जास्तीची खोली, एक संगणक व शिकलेली आई होती, तेथें शाळा नांवापुरती तरी चालू राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेंतील मुलाच्या घरीं फोन असलाच, तर तो सकाळीं बापाबरोबर कामावर जात असे. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असें त्या वेळच्या सरकारी उपक्रमाचें नांव होतें. शिक्षकांनीं खटपट पुष्कळ केली. सोलापुरांत नीलमनगरच्या वस्तींत तर घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले. पण भिंत मुलास प्रश्न विचारीत नाहीं, आणि तें चुकलें तर थांबत नाहीं.

यावर माझ्या एका स्नेह्यांचा आक्षेप असा कीं, रोग कोणी मुद्दाम आणला नाहीं. मग अपराध कोणाचा, आणि अपराध नसेल तर ऋण कसलें? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यांत अपराध व ऋण यांची गल्लत झाली आहे. गांवांत आग लागली असतां ती पसरूं नये म्हणून मधल्या एका झोंपडीचें छप्पर गांवकरी ओढून काढतात. त्यांनीं योग्य तेंच केलें. त्यांस गुन्हेगार कोण म्हणेल? तथापि आग विझल्यावर तें छप्पर पुन्हां घालून देणें हा धर्मादाय नव्हे. त्या झोंपडीवाल्याचें तें येणें आहे. आपण मात्र त्यासच सांगतों, 'तुझें घर गळतें.' 'अध्ययन क्षति' हा शब्द आज ज्याच्या त्याच्या तोंडीं आहे. ती क्षति जणूं मुलाच्या अंगीं जडलेला एखादा आजार असावा, अशा रीतीनें आपण तो उच्चारतों. आणि औषध म्हणून २०२१ च्या जुलैंत ४५ दिवसांचा 'सेतु अभ्यास' निघाला, तेव्हां लहानांच्या शाळांस तर कुलुपेंच होतीं!

आतां कोणी म्हणेल, झालें तें झालें, घडी पुन्हां बसली आहे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें ग्रामीण भारतांत 'असर' ही पाहणी होते. तिच्याप्रमाणें तिसरींतील ज्या मुलांस दुसरीचा मजकूर वाचतां येई, त्यांचें प्रमाण २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतें, २०२२ मध्यें तें २०.५ वर उतरलें आणि २०२४ मध्यें पुन्हां २७.१ झालें. आंकडा पूर्वपदावर आला, ही आनंदाची गोष्ट खरीच. पण आंकडा सुधारला म्हणून मूल सुधारलें काय? २०२४ ची तिसरी ही २०२२ ची तिसरी नव्हे. तिनें शाळेंत पहिलें पाऊल टाकलें तेंच उघड्या शाळेंत. २०२२ च्या तिसरीचीं मुलें जून २०२० मध्यें बंद दारांआड पहिलींत दाखल झालेलीं; तीं २०२४ मध्यें पांचवींत होतीं, आणि त्या वर्षींच्या पांचवींतील निम्म्याहून अधिक मुलांस दुसरीचा मजकूर वाचतां आला नाहीं. महामारीपूर्वींहि पांचवींत जवळजवळ निम्म्यांची हीच गत होती, हें सांगितलेंच पाहिजे. जुनें देणें होतेंच. त्यावर हें नवें चढलें. एकाचें छप्पर काढून दुसऱ्याचें घर शाकारलें, तर पहिल्याचें देणें फिटत नाहीं.

शिवाय जें गेलें तें केवळ वाचनलेखन नव्हे. दोन्ही पालक कोविडनें गेलेल्या मुलांच्या नांवें सरकारनें पांच लाख रुपयांची ठेव ठेविली. तें उचितच झालें. पण ज्याची केवळ आजी गेली, किंवा बापाचा रोजगार गेला आणि जें मूल दोन वर्षें शेळ्यांमागें हिंडलें, त्याच्या मनांत काय सांचलें आहे, हें विचारण्याचें काम कोणत्या खात्याचें? तें शिक्षकाचें, आणि त्यास लागतो तो पैसा नव्हे, वेळ लागतो.

जून २०२० ची ती पहिली जून २०२५ मध्यें सहावींत गेली. सहावीचीं पुस्तकें मुलास वाचतां येतें असें धरून चाललेलीं असतात, आणि तेथील विषयशिक्षकावर अक्षरओळख शिकविण्याची पाळी सहसा आलेली नसते. रोज एक तास इयत्ता बाजूस ठेवून, ज्याला जेथून येतें तेथून वाचन शिकवावें. मात्र मोठ्या मुलास लहानांत बसल्याची लाज वाटणार नाहीं अशा बेतानें. यांत खर्च थोडा आहे. परंतु आमच्या वर्गाचीं मुलें या शाळांतून केव्हांच निघून गेलीं आहेत. त्यामुळें ऋणको आणि धनको यांची गांठच पडत नाहीं.

अशा एका शाळेंत मीं सहावीच्या एका मुलीस वाचावयास सांगितलें. तिनें धडा धडाधड म्हणून दाखविला. बोट मात्र दोन ओळी खालीं फिरत होतें. गुरुजी हंसले नाहींत, रागावलेहि नाहींत. तिच्याजवळ बसून त्यांनीं तें बोट हलकेंच वरच्या ओळीवर आणून ठेविलें, आणि 'आतां सावकाश,' असें म्हणाले. तिनें दोन शब्द अक्षरें लावून वाचले. तिसऱ्या शब्दाशीं गुरुजींचा फोन वाजला. कसलीशी माहिती दुपारच्या आंत वर पाठवावयाची होती. ते उठून गेले. ती मुलगी त्या शब्दावर बोट ठेवून बसून राहिली.