ज्याला कोणी नाही, त्याचे आपण कोण?

रुग्णालयाच्या पायरीवर, रेल्वेच्या फलाटावर किंवा मशिदीच्या दाराशी कापडात गुंडाळलेले नवजात अर्भक सापडते, तेव्हा जमलेल्या लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘हे कुणाचे?’ या प्रश्नात बाळापेक्षा त्याच्या आईबापांच्या वर्तनाविषयीची उत्सुकता अधिक असते. दुसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो, ‘याचे आता कोण?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळो वा न मिळो, दुसऱ्याचे उत्तर देणे समाजाला बंधनकारक आहे, ही इस्लामची शिकवण आहे.

फिक्हच्या ग्रंथांत अशा बालकाला ‘लकीत’, म्हणजे उचलून घेतलेले, असे नाव आहे. कुणी टाकले यावरून नव्हे, कुणी उचलले यावरून त्याची ओळख ठरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नदीत सोडलेल्या बाळ मूसा (अलै.) यांना फिरऔनच्या घरच्यांनी उचलले, त्या प्रसंगी दिव्य कुरआनने याच धातूचे क्रियापद योजले आहे (28:8). विहिरीत टाकलेल्या यूसुफ (अलै.) यांच्या कथेतही तेच आहे (12:10). ज्या दोन बालकांना अल्लाहने पुढे प्रेषितत्व बहाल केले, ती एकेकाळी परक्या हातांनी उचललेली होती. टोपलीतल्या जिवाचे मोल ठरवण्याची घाई करणाऱ्याने एवढे स्मरणात ठेवावे.

आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतकाळातील एक घटना इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये नोंदलेली आहे. अबू जमीला नावाच्या गृहस्थांना एक टाकलेले मूल सापडले आणि ते त्याला घेऊन खलिफांकडे आले. उमर (रजि.) यांनी प्रथम त्यांचीच चौकशी केली. हे मूल तुम्ही का उचलले, असे विचारले. ओळखीच्या माणसाने ते सज्जन असल्याची ग्वाही दिली, तेव्हा निर्णय झाला. मूल स्वतंत्र आहे, त्याचा सांभाळ अबू जमीला यांनी करावा आणि खर्च आमच्याकडे, म्हणजे सार्वजनिक कोषाकडे. या वृत्तांतात चौकशी झाली ती उचलणाऱ्याची, कारण तान्हे मूल कुणाच्या हाती जाते हे पाहणे शासनाचे कर्तव्य होते. आईचा शोध घेऊन तिला चव्हाट्यावर आणल्याचा उल्लेख त्यात नाही आणि बाळावर कसलाही ठपका नाही.

येथे एक आक्षेप वारंवार घेतला जातो. अशा मुलांसाठी पाळणे मांडले, आश्रयगृहे उघडली, तर अनैतिकतेला प्रोत्साहन मिळणार नाही का? कराचीत अब्दुल सत्तार ईधी यांनी आपल्या केंद्रांबाहेर पाळणे ठेवले आणि बाळाला मारू नका, येथे ठेवा, असे आवाहन केले, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेव्हाच्या सनातनी मंडळींचीही हीच तक्रार होती.

आक्षेप वरवर धार्मिक वाटतो, पण धर्माच्या कसोटीवर तो टिकत नाही. कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा कुरआनचा नियम आहे (6:164). प्रत्येक मूल निर्मळ प्रकृतीवर जन्मते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. गामिद कबिल्यातील एक स्त्री व्यभिचाराची कबुली देत प्रेषितांकडे (स.) आली, तेव्हा त्यांनी तिला प्रसूतीपर्यंत आणि नंतर मूल अंगावरचे दूध सोडून अन्न खाऊ लागेपर्यंत परत पाठवले. पुढे ते मूल एका मुस्लिमाच्या स्वाधीन केले. जेथे शरीअतची शिक्षासुद्धा तान्ह्या जिवाच्या दुधासाठी थांबते, तेथे आपली सामाजिक अब्रू थांबू शकत नाही काय?

शिवाय पाळणा नसल्याने पाप टळत नाही. बाळ पाळण्याऐवजी कचराकुंडीत जाते, एवढेच. जिवंत पुरलेल्या मुलीला अंतिम दिनी विचारले जाईल की, तुला कोणत्या अपराधासाठी मारले (81:8-9). त्या दिवशी बोलण्याचा अधिकार तिला असेल. लोकलज्जेच्या भयाने ज्या मातेचे हात थरथरले, तिला ते भय दाखवणारे आपण त्या प्रश्नातून सुटू, असे समजणे धाडसाचे ठरेल.

दुसरी अडचण आपल्या घराघरांत ऐकू येते. ‘इस्लाममध्ये दत्तक नाही, मग परके मूल कसे आणायचे?’ आयत 33:4-5 नीट वाचली तर मनाई कशाची आहे ते स्पष्ट होते. मनाई आहे ती खोट्या वंशाची, मुलाला त्याचे खरे नाते पुसून आपले नाव चिकटवण्याची. संगोपनाची मनाई तेथे नाही. उलट बाप ठाऊक नसेल तर ती मुले तुमचे धर्मबंधू आणि आप्त आहेत, असे तीच आयत सांगते. म्हणजे अज्ञात पितृत्वाच्या मुलाला कुरआनने नात्याविना सोडलेले नाही, त्याला साऱ्या उम्मतचे नाते दिले आहे. याच पालकत्वाला ‘कफालत’ म्हणतात. अनाथाचा सांभाळ करणारा आणि आपण स्वर्गात असे असू, असे सांगताना प्रेषितांनी (स.) आपली दोन बोटे जवळ धरून दाखवली होती.

पडद्याच्या प्रश्नालाही शरीअतने वाट ठेवली आहे. दोन वर्षांच्या आत त्या घरातील स्त्रीने बाळाला दूध पाजले, तर दूधनाते जुळते आणि ते मूल तिचे महरम होते. हनफी मतानुसार यासाठी थोडे दूधही पुरेसे आहे. कोकणातील आपले शाफई बांधव पाच वेळा पाजण्याची अट मानतात. वारसाहक्क नसला, तरी हयातीत बक्षीस देता येते आणि मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. दार बंद नाही. ते उघडण्याचे कष्ट आपण घेतलेले नाहीत.

मात्र सापडलेले मूल गुपचूप घरी ठेवणे किंवा निपुत्रिक नातलगाच्या ओटीत घालणे, हा उपाय नव्हे. 2015 च्या बालन्याय अधिनियमानुसार असे बालक सापडल्यास 24 तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन 1098 किंवा बालकल्याण समितीला कळवणे आवश्यक आहे. यात धर्मविरोधी काही नाही. शाफई फुकहांनी लकीत उचलताना साक्षीदार ठेवण्याची अट घातली, तीही मूल कुणी गिळंकृत करू नये म्हणूनच. मूल ठेवू न शकणाऱ्या आईबापांना समितीसमोर रीतसर स्वाधीन करण्याची तरतूद याच कायद्यात आहे आणि पुनर्विचारासाठी दोन महिने मिळतात. ही माहिती वेळेवर पोहोचली, तर एखादा जीव उघड्यावर पडायचा वाचेल.

आता आश्रयगृहाविषयी. आपण तेथे दुधाचे डबे, कपडे, सदका पाठवतो आणि निश्चिंत होतो. 1945 च्या सुमारास डॉक्टर रेने स्पिट्झ यांनी एका अनाथालयातील तान्ह्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे स्वच्छता होती, आहार होता, पण अनेक बाळांमागे एकच दाई होती. ती मुले हळूहळू कोमेजत गेली आणि दोन वर्षांत त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक दगावली. दूध मिळत होते, कूस मिळत नव्हती. ज्या बाळाच्या रडण्याला कुणी येत नाही, ते शेवटी रडणे सोडते. पाहुण्यांना ती शांतता शिस्त वाटते. वस्तुतः ती निराशा असते.

प्रेषित (स.) नमाज दीर्घ करण्याच्या इराद्याने उभे राहत आणि बाळाचे रडणे कानी पडताच ती आटोपती घेत, कारण त्याच्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना जाणवत असे. ज्या बाळाची आई रांगेत नाही, त्याचे रडणे कुणाच्या कानी पडावे? आठवड्यातून दोन तास बाळाला कुशीत घेणारे हात, दाईंची संख्या वाढवणारे नियमित वेतन आणि कायद्याच्या वाटेने मुलाला आपल्या घरी नेणारी कुटुंबे, हे याचे उत्तर आहे.

‘हे कुणाचे?’ याचा हिशोब अल्लाहकडे आहे. ‘याचे आता कोण?’ याचा हिशोब आपल्याकडे मागितला जाईल. त्या दिवशी देता येईल असे उत्तर आजच आपल्या हातून घडो. आमीन.