सफल कृती आणि यथार्थ ज्ञान : सुरू न होणाऱ्या मोटारीच्या निमित्ताने प्रामाण्यविचार

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवावे, हा भारतीय दर्शनांतील एक मूलभूत वाद असून तो ‘प्रामाण्यवाद’ या नावाने ओळखला जातो. मीमांसकांच्या मते ज्ञान उत्पन्न होते तेव्हाच त्याचे प्रामाण्य, म्हणजे खरेपणा, प्रतीत होतो आणि पुढे एखादे बाधक ज्ञान उभे राहिले तरच ते खोटे ठरते. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबाहेरील प्रमाणाने सिद्ध व्हावा लागतो आणि ते प्रमाण म्हणजे मुख्यतः सफल कृती, असे ते मानतात : दुरून दिसलेले पाणी खरे की ते मृगजळ, याचा निकाल जवळ गेल्यावर तहान भागली की नाही यावरून लागतो. वात्स्यायनांच्या न्यायभाष्याचा आरंभच या विचाराने होतो आणि कृतीच्या या सफलतेला तेथे ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ म्हटले आहे. परंतु कृती सफल होऊनही तिच्या मुळाशी असलेले ज्ञान चुकीचे असू शकते काय? सुरू व्हायला कुरकुरणाऱ्या मोटारीचे निदान या प्रश्नाच्या परीक्षेसाठी विशेष उपयुक्त आहे, कारण तेथे दोषाचे कारण दृष्टीआड असते आणि कृतीचे फळ मात्र किल्ली फिरवताच समजते.

‘गाडी सुरू होत नाही’ हे वाक्य निदान नव्हे, संशय आहे. न्यायसूत्रांत संशय हा सोळा पदार्थांपैकी एक गणला असून, अनेक वस्तूंना समान असणारा धर्म दिसावा आणि त्यांतील एकीचा निर्णय करून देणारा विशेष धर्म दिसू नये, अशा स्थितीत तो उत्पन्न होतो. इंजिन सुरू न होणे हा अशाच अनेक दोषांचा समान धर्म आहे. म्हणून कुशल मेकॅनिक प्रथम विशेष धर्म शोधतो. किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो, की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी विजेची मोटर, जड होऊन रेंगाळत फिरते, की सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नाही, हे तीन प्रकार बाहेरून सारखेच त्रासदायक असले तरी त्यांचे रोख वेगवेगळ्या कारणांकडे आहेत. पहिल्या दोहोंत बॅटरी, तिची जोडणी किंवा स्वतः सेल्फ संशयित ठरते. तिसऱ्यात पेट्रोल, प्लगची ठिणगी, हवा आणि सिलिंडरमधील दाब यांकडे लक्ष जाते.

या मार्गाने एकेक पर्याय वगळत उरलेल्यावर येणे, यालाच न्यायात परिशेषानुमान म्हणतात आणि वात्स्यायनांनी ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ असाच लावला आहे. या अनुमानाचे बळ पर्यायांच्या यादीच्या पूर्णतेवर अवलंबून असते. पंप, प्लग, सेल्फ सर्व निर्दोष असूनही किल्लीतील चिप ओळखली गेली नाही, तर चोरीपासून संरक्षण देणारी इमोबिलायझर यंत्रणा इंजिन सुरू होऊ देत नाही. ज्याने आपल्या यादीत केवळ भागांचे बिघाड धरले, त्याच्या हाती शेवटी चुकीचा भाग उरतो. नैयायिकांनी प्रतिबंधकाच्या अभावालाही कार्याच्या कारणांत स्थान दिले, ते याच जातीच्या अडचणीचा विचार करून. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळत नाही, या परंपरागत उदाहरणावरून मीमांसकांनी ‘शक्ती’ हा स्वतंत्र पदार्थ मानला, तर नैयायिकांनी अग्नीबरोबर मण्याचा अभावही दाहाला कारण आहे असे म्हणून तो प्रश्न सोडवला.

आता सेल्फ रेंगाळत फिरण्याच्या प्रकाराकडे बारकाईने पाहता येईल. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता, गाडी उभी असताना मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, आणि एवढा आकडा पाहून ‘सेल्फपर्यंत वीज नीट पोहोचत आहे’ असे अनुमान सहज केले जाते. हा हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळणारा आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा क्षार चढला आणि त्या जोडाचा रोध अवघा ०.०२ ओहम झाला, तरी प्रवाह वाहत नसताना मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. सेल्फ १५० अँपिअर खेचू लागताच मात्र त्या जोडावरच ३ व्होल्ट खर्ची पडतात. भाराखाली बॅटरीचे व्होल्टेज आधीच उतरलेले असते, त्यात ही गळती मिळाली की सेल्फच्या वाट्याला फारच थोडे येते. म्हणून जाणता मेकॅनिक मीटरची एक तार टर्मिनलवर आणि दुसरी त्याच्या क्लॅम्पवर धरून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगतो. तेथे जवळपास शून्य दिसायला हवे. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर दोष त्या जोडातच आहे.

हीच गाडी हे मोजमाप न करता ‘बॅटरी गेली’ असे ठरवून नव्या बॅटरीने सुरू केली, तर काय होते? नवी बॅटरी बसवण्यासाठी क्लॅम्प सोडवावे लागतात, ते घासून स्वच्छ केले जातात, घट्ट आवळले जातात आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते. पुढेही होत राहते. कृती सफल झाली, तीही कायमची, आणि तरीही जुनी बॅटरी खराब होती हे ज्ञान अयथार्थच राहिले. विश्वनाथ पंचाननांच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत अन्यथासिद्धाचे, म्हणजे कार्यापूर्वी हजर असूनही कार्याला आवश्यक नसलेल्या गोष्टीचे, उदाहरण म्हणून माती वाहून आणणारे गाढव येते. या घटनेत नव्या बॅटरीचे स्थान नेमके तेच आहे.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून, म्हणजे जम्प स्टार्टने, गाडी सुरू झाली यावरून काढलेला निष्कर्षही असाच सोपाधिक असतो. जेथे अग्नी तेथे धूर, ही व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, इंधन ओले असेल तरच टिकते, हे तर्कसंग्रहात अन्नंभट्टांनी दाखवले आहे, आणि अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. जम्प स्टार्टने गाडी सुरू झाल्यास बॅटरी सदोष, ही व्याप्तीदेखील अल्टरनेटर बॅटरीला नीट भारित करीत असेल आणि उभ्या गाडीत विजेची गळती नसेल तरच खरी. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील, तर अल्टरनेटर तपासला पाहिजे. तसेच अर्ध्या अँपिअरची गळती २४ तासांत १२ अँपिअर-तास खाते, त्यामुळे ४५ अँपिअर-तासांची निर्दोष बॅटरीही उभी गाडी चार दिवसांत पूर्ण उतरवू शकते.

या उदाहरणांनी परतःप्रामाण्याचे, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा ज्ञानाबाहेरून सिद्ध होतो हे नैयायिकांचे, मत कोसळत नाही. त्याची मर्यादा स्पष्ट होते. सफलता त्याच विधानाला पुष्टी देते, जे खोटे असते तर ती कृती फसली असती. याकरिता न्यायाजवळ अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी आहे : कारण असता कार्य होते हे पाहणे आणि कारण नसता कार्य होत नाही हेही पाहणे. नवी बॅटरी काढून, स्वच्छ केलेल्या क्लॅम्पवर जुनीच पुन्हा लावून किल्ली फिरवावी. गाडी सुरू झाली तर जुन्या बॅटरीवरील आरोप तेथेच संपतो. यावर मीमांसक विचारतील, की ही दुसरी सफलता खरी हे कशावरून, आणि अशाने अनवस्था, म्हणजे प्रमाणामागून प्रमाण शोधण्याची न संपणारी मालिका, ओढवणार नाही काय? उदयनाचार्यांनी शंकेला घातलेली मर्यादा येथे उपयोगी पडते : स्वतःच्या कृतीशी विसंगत ठरेल अशी शंका कोणी मनापासून घेऊ शकत नाही. किल्ली हाती घेऊन फिरवणाऱ्याला किल्लीचा आणि सेल्फचा काही संबंध आहे की नाही, अशी शंका घेता येत नाही. तिच्या अलीकडच्या शंका मात्र त्याने फेडल्याच पाहिजेत.

या विवेचनाला नैतिक बाजूही आहे. बॅटरी बदलल्यावर गाडी सुरू झाली, हे विधान वस्तुस्थितीचे आहे. बॅटरी खराब होती, हे विधान कारणाचे आहे, आणि पहिल्याच्या जोरावर दुसरे करणारा मनुष्य गाडीमालकाच्या पैशाने आपल्या अनिर्णीत संशयाला निर्णयाचे नाव देतो. वैद्यक, न्यायदान आणि शासन या क्षेत्रांतही ‘उपाय लागू पडला’ एवढ्यावरून रोग, गुन्हेगार किंवा समस्येचे मूळ निश्चित झाल्याचे जाहीर केले जाते, आणि तेथे चुकीच्या निदानाची किंमत बॅटरीच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. म्हणून यश हे ज्ञानाचे प्रमाण आहे हा न्यायमताचा सिद्धान्त ग्राह्य धरावा, परंतु ज्याने व्यतिरेक तपासला नाही त्याने आपल्या यशाला कारणाचा पुरावा म्हणू नये.