दोन रकाने

नेब्रास्कातल्या गेज काउंटीत एका शेतघराच्या बैठकीत खापरपणजोबांचा जमिनीचा पट्टा चौकटीत लावलेला होता. 1862 च्या होमस्टेड कायद्याने मिळालेली 160 एकर जमीन. पाच वर्षं तिथे राहायचं, ती कसायची, दोन शेजाऱ्यांच्या साक्षी द्यायच्या, की जमीन नावावर. 'एकट्या माणसाने रिकाम्या माळाचं शेत केलं,' ही गोष्ट त्या घरात चार पिढ्या सांगितली जात होती. तो माळ आधी ओटो-मिसुरिया लोकांचा होता आणि 1854 च्या करारात तो त्यांच्या हातून गेला, हे मात्र त्या गोष्टीत कधी येत नसे.

खापरपणती शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने कुलवृत्तांत लिहायला घेतला. पुढच्या उन्हाळ्यात सगळं गोत जमणार होतं, तेव्हा भिंतीवर मोठा वंशवृक्ष लावायचं ठरलं होतं. तिने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून जमिनीची फाइल मागवली. शेजाऱ्यांच्या साक्षीत सगळं तपशीलवार होतं. बारा बाय चौदाचं मातीच्या ढेपांचं घर, एक दार, दोन खिडक्या, एक विहीर, नांगराखाली आलेली चाळीस एकर. खिडक्यासुद्धा मोजल्या होत्या. बाईचं नाव नव्हतं. 'पत्नी आणि मुले' एवढेच शब्द होते.

मग ती जनगणनेकडे वळली. 1880 च्या पानावर तीन मुलं सापडली. तिन्ही ओळखीची, त्यांची लग्नं, शेतं, थडगी सगळं घरात माहीत होतं. वृक्षाच्या तीन फांद्या पक्क्या झाल्या.

1900 चं पान तिने केवळ पडताळ्यासाठी उघडलं. त्या वर्षी प्रगणकांना बायकांविषयी दोन प्रश्न दिलेले होते. किती मुलांची आई? त्यांतली किती हयात? खापरपणजीच्या नावापुढे त्या दोन अरुंद रकान्यांत शाईने लिहिलं होतं : 7. आणि शेजारी : 3.

कितीतरी वेळ तिने पान उलटलं नाही.

चार मुलं. ती जन्मली, त्यांना नावं ठेवली गेली असतील, त्या ढेपांच्या घरात रात्र रात्र कुणी जागलं असेल. तिने शोधायचं म्हणून सगळं शोधलं. 1890 च्या जनगणनेत एखादं सापडलं असतं, पण 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली आणि त्या आगीत व त्यानंतर त्या गणनेचे जवळजवळ सगळे कागद हातचे गेले. नेब्रास्काने 1885 मध्ये वेगळी गणना केली होती, तिला मृतांची यादीही जोडलेली आहे. पण ती आधीच्या बारा महिन्यांपुरतीच. तिच्यातही कुणी नव्हतं. दफनभूमीत लाकडी खुणा असल्याच तर त्या केव्हाच कुजल्या होत्या. दोन आकड्यांच्या वजाबाकीपलीकडे त्या चौघांचा पुरावा कुठेच उरलेला नव्हता.

कुळाचा शोध घेणाऱ्याला नेहमी पट्टा सापडतो, कारण पट्टा जपला जातो. मला त्या बाईच्या उत्तराचं फार वाटतं. दारात सरकारी माणूस उभा, अंगणात कामाची घाई, आणि प्रश्न असा की 'तीन' म्हणून मोकळं होता आलं असतं. हयात तेवढीच होती. मोजणाऱ्याला खोटं कळण्याचा मार्गही नव्हता.

उन्हाळ्यात वंशवृक्ष भिंतीवर चढला. खापरपणजोबांच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खापरपणजीचं नाव होतं आणि दोघांखाली सात चौकटी. चार कोऱ्या. मुळाशी, जमिनीच्या रेघेखाली, 'ओटो-मिसुरिया' असंही लिहिलेलं होतं.

धाकटा भाऊ बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "या कोऱ्या चौकटी काढून टाक ना. लोक विचारतील. आपल्याला तर तीनच माहीत आहेत."

तिने खडूने माखलेले हात पुसले.

"तिला विचारलं होतं," ती म्हणाली. "तिने सात सांगितली."